गुंतलेली चेन

झाडं कापायच्या कटरची, म्हणजे चेनसॉची, चेन गुंतली की माणसाचा हात आधी ओढायलाच जातो. दोन टोकं धरायची आणि द्यायचा हिसका. त्या चेनला टोकंच नसतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही.

नागपुरात पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लोगल्ली कटर घरघरायला लागतात. कुठे कडुनिंबाची फांदी तारेवर, कुठे गुलमोहर कुणाच्या तरी गाडीवर. (उभं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, पडलेल्या फांदीपुढे मात्र आपण सगळेच शूर.) मग दुपारपर्यंत कुणीतरी तेलानं माखलेला वेटोळ्यांचा गोळा कागदावर घेऊन माझ्या दारात उभा असतो. "काकाजी, पाहून द्या न जरा. भल्लीच गुंतली."

मला हे काम आवडतं. कारण ही चेन मला कधीच हरवत नाही. रिवेट मारून बंद केलेलं ते एक सरळ कडं आहे. गणितात गाठींचं एक अख्खं शास्त्र आहे आणि त्यातली अगदी पहिली गोष्ट हीच, की गाठ न मारता जोडलेल्या कड्याला ते तोडल्याशिवाय गाठ पडूच शकत नाही. गोळा कितीही भयंकर दिसो, तो सुटणार हे ठरलेलं असतं.

गळ्यातली बारीक सोन्याची चेन चहूबाजूंनी वाकते, म्हणून तिचा गुंता सुईच्या टोकानं उकलत बसावं लागतं. कटरच्या चेनची कडी मात्र रिवेटभोवती एकाच पातळीत फिरते, आडवी वाकवायला गेलं की अडून बसते. त्यामुळे ती गुंतण्यापेक्षा पिळली जाते. लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, आरामशिनीचं लांब पातं तीन वेटोळ्यांत घडी केलेलं पाहिलं असेल, तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. वेटोळं उलगडण्याऐवजी ओढून सरळ करायला गेलं की त्याचा पीळ होतो. डब्यातून घाईनं उपसलेल्या चेनचं नेमकं हेच होतं.

म्हणून ओढायचं नाही, बघायचं. त्याआधी मशीन थंड, प्लगची टोपी काढलेली. बॅटरीचं असेल तर बॅटरी बाहेर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना चामड्याचे हातमोजे घालणं जिवावर येतं, पण मशीन बंद असलं तरी दाताची धार बंद होत नाही. चेन उजेडात, सपाट टेबलावर कागद टाकून पसरायची. तिच्या एका अंगाला कापणारे दात असतात आणि दुसऱ्या अंगाला पट्टीच्या, म्हणजे मशीनच्या ज्या लांब सपाट दांड्याभोवती चेन फिरते त्याच्या, खाचेत धावणारे टोकदार पाय. सगळे पाय कड्याच्या आत हवेत. जिथे ते बाहेर तोंड करून बसलेत, तिथे पीळ. तेवढाच फेरा उचलून पालथा करायचा. तरीही अडलं तर दोन मोठे फेरे दोन हातांत धरून चेन अधांतरी सोडायची आणि हलके हलवायची. बरंचसं काम तिचं वजनच करतं. कधी सगळी चेनच उलटी, म्हणजे पाय बाहेर, दात आत अशी निघते. ती थोडी थोडी फिरवत पालथी करायची. हातोडी, पकड, पाय देऊन ताणणं, यातलं काहीही नको.

चेन बोटांखालून जाताना दात एक डावा, एक उजवा असे आलटून पालटून येतात. ही करामत ज्यो कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याची. १९४६ साली सरपण फोडताना त्याला ओंडक्यात एक अळी दिसली, डावीउजवीकडे जबडा चालवत लाकूड कुरतडत पुढे सरकणारी. त्याच जबड्याची नक्कल त्यानं पोलादात केली आणि पुढच्याच वर्षी चेन विकायला काढली. आपण जिला कीड म्हणून रॉकेल ओततो, तिच्यापुढे तो वाकून बघत बसला.

चेन सुटल्यावर मी ती लगेच परत देत नाही. एकेक सांधा बोटांत हलवून बघतो. पट्टीवरून उतरताना पायांच्या कडा गरारीवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, घासून त्यांना कंगोरे येतात. ते चपट्या कानशीनं उतरवावे लागतात, नाहीतर चेन खाचेत अडकते. वाकलेली किंवा तडकलेली कडी ठोकून सरळ करायची नसते, बदलायची असते. हे ऐकल्यावर समोरचा "चालून जाईन न जी" म्हणतो. मी चेन मागे ओढून घेतो.

ताणाचंही थोडं सांगतो. पट्टीच्या खालच्या अंगाला चेन लोंबू नये, पण हातमोज्यातल्या हातानं सहज सरकावी. ताण थंडपणीच बघायचा. कामात ती तापून लांबते, म्हणून मध्येच कसली असेल तर काम संपल्यावर सैल करायची. नाहीतर निवताना आक्रसून पट्टीला आवळते.

आणि जाता जाता ओरडून सांगतो, की वरच्या अंगाला दातांची तोंडं पट्टीच्या टोकाकडे. तरी कुणीतरी उलटी बसवतोच. मग ती कापत नाही, नुसती घासते, धूर काढते, आणि हा गडी धार नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतो.