ग्रंथालयातल्या प्रदर्शनात मूळ प्रत किती दिवस ठेवावी?

प्रदर्शन लावायचं ठरलं की आधी विषय ठरतो, मग बॅनर छापून येतो, पाहुणे ठरतात. उजेडाचा हिशोब कुणीच करत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

कागद, शाई आणि जुने फोटो यांच्यासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा संग्रहालयांत सर्वत्र धरतात. उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं. ५० लक्समध्ये रोज ८ तास, असे ९० दिवस ठेवलं तर ३६,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) होतात. वाचनकक्षातल्या टेबलावर उजेड सहज ५०० लक्स असतो, म्हणजे तेवढाच हिशोब तिथे ९ दिवसांत संपतो. खिडकीजवळ तर विचारूच नका. त्यामुळे मूळ प्रत तीन महिने ठेवायची असेल तर आतल्या भिंतीची जागा निवडा, एलईडी मंद करा आणि प्रेक्षक नसताना प्रदर्शनाच्या काचेच्या पेटीवर जाड कापड टाका. लक्स मीटर स्वस्तात मिळतो. मोबाइलमधल्या अ‍ॅपचा आकडा अंदाजापुरताच धरा.

समजा नवी मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठाने खाडीकाठच्या जगण्यावर प्रदर्शन ठरवलं. इतिहासाच्या भागात १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाल्यानंतरचे भूसंपादनाचे कागद, जुने सातबारा, जानेवारी १९८४ मधल्या जासईच्या शेतकरी आंदोलनाची कात्रणं येतील. साहित्यात धवले, म्हणजे आगरी लग्नांत गायली जाणारी विधिगीतं. विद्यार्थ्यांच्या भागात मिठागरांचे नकाशे, मुलाखती, भित्तिपत्रकं. तिन्ही भाग वेगवेगळ्या कोपऱ्यांत न टाकता एकाच प्रश्नाभोवती शेजारी-शेजारी लावावेत. भूसंपादनाच्या नोटिशीशेजारी त्याच गावावरची विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत आली, की माणसं थांबून वाचतात.

आता यातलं काय जास्त नाजूक? बहुतेकांना वाटतं, सर्वांत जुनं ते. पण जुन्या छापील पुस्तकाची काळी शाई काजळीची असते, ती सहसा उडत नाही. तिथे त्रास कागदाचा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, म्हणून कात्रण पिवळं पडून कडांनी तुटतं. रंगाच्या बाबतीत सर्वांत लवकर उतरतं ते विद्यार्थ्यांचं काम. स्केचपेन आणि साध्या इंकजेटचे रंग भर उजेडात काही आठवड्यांतच फिके पडतात. म्हणून भित्तिपत्रकं लावण्याआधी ३०० ते ४०० डीपीआयवर (दर इंचातले ठिपके) टिफ या फाइल प्रकारात स्कॅन करा, भिंतीवर प्रत लावा आणि मूळ परत करा. कात्रणांचंही तेच. विद्यार्थ्याची लेखी परवानगी घ्या, नावाचं शुद्धलेखन त्याच्याकडूनच तपासून घ्या. त्याच्या कामाखालचं टिपण जुन्या दस्तऐवजाइतकंच नेटकं असलं पाहिजे, याबद्दल माझं मत ठाम आहे.

उघडं पुस्तक सपाट दाबून ठेवू नये. माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) घडी करून त्याचा पाळणा करा, पुस्तक ९० ते १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. पानं धरायला रबरबँड नको. पारदर्शक पॉलिएस्टरची सेंटीमीटरभर पट्टी पानांवरून नेऊन तिची टोकं मागे एकमेकांना चिकटवा. चिकट बाजू कागदाला लागता कामा नये. सुटा कागद लावायला सेलोटेप, फेविकॉल, स्टेपल काहीही नको, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. पारदर्शक कोपरे वापरा, नाहीतर जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावा. पेटी नव्या प्लायवूडची असेल तर तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. रंग दिल्यावर निदान चार आठवडे ती उघडी ठेवून वाळू द्या.

ठाणे-नवी मुंबईत खरी कसोटी पावसाळ्याची. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला वाट मिळते, आणि इथे जून ते सप्टेंबर ती ८० च्या पुढे असते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार सर्वांत वाईट: गार झालेल्या काचेवर रात्री दमट हवा येऊन पाणी धरते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्या टाकून भागत नाही. घट्ट बंद होणाऱ्या पेटीला घनमीटरमागे साधारण २० किलो जेल लागतं. म्हणजे १२० × ६० × ३० सेंटीमीटरच्या पेटीला सुमारे ४.३ किलो. तेही ५० टक्के आर्द्रतेला जुळवलेलं, कारण कोरडंठाक जेल घातलं तर पानं वळतात. आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटीत नको. पाल्याने ओल येते. फेब्रुवारीची हवा कोरडी असते, त्यामुळे मूळ प्रती तेव्हाच प्रदर्शनात मांडाव्यात.

फलकांवरचा मजकूर १५० शब्दांत, टिपण ५० ते ७० शब्दांत संपवा. टिपणाला २० पॉइंट, फलकाला ३६ च्या पुढे, ओळींत दीडपट अंतर, कारण वेलांट्या आणि उकार वर-खाली जागा खातात. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर येऊ द्या. मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि छपाईला पीडीएफ द्या, फॉन्ट आत घालून. नाहीतर प्रेसमध्ये जोडाक्षरं फुटतात, आणि ल, श हिंदी वळणाचे येतात.

फलकावर अख्खी कविता छापायची तर प्रताधिकारासाठी (कॉपीराइट) कवीच्या निधनानंतरची ६० वर्षं मोजा, पुढच्या १ जानेवारीपासून. मर्ढेकर १९५६ साली गेले, ते २०१७ पासून मोकळे; अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत परवानगी लागेल. धवले ऐकवायचे तर धवलारणीची (धवले गाणाऱ्या बाईची) संमती आणि तिचं नाव दोन्ही हवं. क्यूआर कोड निदान ३ सेंटीमीटरचा, ध्वनिफीत दीड मिनिटाची.

उतरवताना प्रत्येक मूळ वस्तूच्या दाखलनोंदीत तारखा, सरासरी लक्स आणि एकूण लक्स-तास लिहा. पुढच्या वर्षी तीच प्रत कुणी मागितली तर ती द्यायची की स्कॅन, हे त्या नोंदीवरून ठरवता येईल.