टाकी भरेपर्यंत

"तुम्हाला रोज गिटार वाजवायला वेळ मिळतो तरी कसा? आमची तर महिन्याभरात माळ्यावर गेली." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण याचं उत्तर मला आमच्या नळाने शिकवलं.

सोलापुरात आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या सकाळी घरात दुसरं काही सुचत नाही. गेल्या वर्षी गड्ड्याची यात्रा संपली आणि मी गिटार घेतली. चहा झाला की दहा मिनिटं, असं ठरवलं. पण पाण्याच्या दिवशी सराव राहायचा, मग दुसऱ्या दिवशीही हात तिकडे जायचा नाही. असं तीनदा झाल्यावर लक्षात आलं, की मी सोय सवडीच्या दिवसांची केली होती, धावपळीच्या दिवसाची नाही. आता मोटर चालू केली की गिटार घेऊन गच्चीवर टाकीजवळ बसते. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात.

त्या दिवशी कॉर्ड, म्हणजे तीन-चार तारा दाबून एकत्र वाजवायचे सूर, मात्र धरत नाही. पाण्यात भिजून बोटांची कातडी मऊ पडलेली असते आणि स्टीलची तार त्यात रुतते. म्हणून डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, आवाज दबलेला ठेवायचा आणि उजव्या हाताने खाली-वर, खाली-वर स्ट्रमिंग करायचं. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर. उजव्या हाताकडे नवशिक्यांचं फार दुर्लक्ष होतं, माझंही झालं असतं.

बाकीच्या दिवशी दोन कॉर्डमधली ये-जा. ए मायनरवरून सीवर जाताना पहिली दोन बोटं जागची हलवायचीच नाहीत, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) न्यायची. हे कळेपर्यंत मी दरवेळी अख्खा पंजा उचलत होते! मिनिटभराचा गजर लावून बदल मोजते. सुरुवातीला आठ व्हायचे, दोन महिन्यांनी तीस. गाण्याची घाई करू नका. बदल सहज व्हायला लागले की गाणं लवकर बसतं.

रविवारी एकदम दोन तास बसू, असंही म्हणू नका. बोटं इतकी हुळहुळी होतात की पुढचे तीन दिवस तारेला हात लावावासा वाटत नाही. रोज थोडं वाजवलं तर काही आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात आणि दुखणं कमी होतं.

गिटार बॅगेत ठेवू नका, भिंतीवर समोर टांगा, असं मी सगळ्यांना सांगते. पण आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हे चालत नाही. पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठाक. लाकडातला ओलावा जातो, गिटारची वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटजवळ येतात आणि झणझणतात. माझी झणझणली तेव्हा आठवडाभर मी बोटांनाच दोष देत होते. आता उन्हाळ्यात ती बॅगेतच असते. सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. बॅग मात्र दिवाणावर, चहाच्या कपाशेजारी.

आज पाण्याचा दिवस होता. साठवरून सत्तरवर गेले आणि हात चुकला नाही. तेवढ्यात टाकी वाहायला लागली, खालून सासूबाईंची हाक आली, "मोटर बंद कर गं!"