जर्मन गँगस्टा रॅप, श्रवणनोंदी : बढाईचा पुरावा

गुन्हेगारी जगाच्या बढाया मारणाऱ्या या जर्मन रॅपची गाणी ऐकताना, या टप्प्यापासून मी त्यांची वर्गवारी गाडी, घड्याळ आणि सोने यांवरून करणे थांबवले आहे. मर्सिडीज काय, सगळ्यांकडेच असते. त्याऐवजी प्रत्येक रॅपर आपल्या बढाईच्या पाठीशी कोणता पुरावा उभा करतो, हे वहीत नोंदवतो आहे, आणि त्यामुळे एकसुरी वाटणारे अल्बम चांगलेच वेगळे पडू लागले आहेत.

रॅपर झीडोच्या २००४ मधील ‘मास्के’ (मुखवटा) या अल्बमचा पुरावा म्हणजे पत्ता. चंदेरी कवटीचा मुखवटा चढवलेला हा माणूस ‘माइन ब्लॉक’ या गाण्यात बर्लिनच्या मेर्किशेस फिअर्टेल या उंच इमारतींच्या वस्तीतील इमारत मजल्यामजल्याने दाखवतो, ऐश्वर्य शून्य, तरीही तोरा मालकाचा.

रॅपर कोलेगाचे सगळे उलट आहे. माइंट्स येथे कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण वेश्याव्यवसायातील दलालांचा बादशहा असल्याच्या थाटात बोलतो आणि त्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही दिसत नाही, कारण त्याचा पुरावा यमकात आहे : अनेक अक्षरांची जुळणी करत, श्वास न घेता तो अतिशयोक्तीवर अतिशयोक्ती रचत जातो. मात्र ‘ही तर भूमिका आहे’ हा बचाव कुठवर पुरतो, ते २०१८ मध्ये दिसले. रॅपर फरीद बांगसोबतच्या अल्बमला एको हा जर्मन संगीत पुरस्कार मिळाला, त्यातील आउशविट्झ या नाझी छळछावणीच्या उल्लेखावरून गदारोळ उठला आणि अखेर तो पुरस्कारच बंद झाला.

वहीत सर्वाधिक जागा खतार या रॅपरने व्यापली आहे. डिसेंबर २००९ मध्ये त्याने साथीदारांसह लुडविग्सबुर्गजवळ सोने नेणारी गाडी लुटली, इराकपर्यंत पळ काढला, पुढे आठ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१२ चा ‘नंबर ४१५’ हा अल्बम त्याने तुरुंगातूनच केला. सोने काही सापडले नाही. इतर रॅपर सोन्याच्या साखळ्यांची वर्णने करतात तेव्हा ती सजावट वाटते. हा नुसता ‘सोने’ म्हणाला, तरी ऐकणाऱ्याला फिर्याद आठवते. अर्थात पुरावा इतका भक्कम असला की कल्पनेला फारसे काम उरत नाही, आणि रचनेच्या कसबात मला आजही कोलेगाच सरस वाटतो.

एक व्यावहारिक बाब : जर्मनीची अल्बम-क्रमवारी विकलेल्या प्रतींवरून नव्हे, तर उलाढालीवरून ठरत असल्यामुळे अल्बमसोबत टी-शर्ट वगैरे भरलेले महागडे डिलक्स बॉक्स या मंडळींना फार उपयोगी पडले.

पुढे श्वेस्टा एव्हाचा २०१५ चा ‘कुर्वा’ हा अल्बम घेणार आहे. फ्रँकफुर्टमध्ये स्वतः देहविक्रय केलेल्या या रॅपरकडून कोलेगाचा तोच धंदा दुसऱ्या बाजूने ऐकायचा आहे.