९० ते २७० व्होल्ट, कॉइल एकच : माझा अनुभव

मागणीपत्रात एकच ओळ होती : ‘पुरवठा ९० ते २७० व्होल्ट एसी, ५० किंवा ६० हर्ट्झ.’ लिहिणाऱ्याचं काय जातं! व्होल्टेजमधला तिपटीचा फरक सोलेनॉइड (कॉइलच्या चुंबकत्वाने आतली लोखंडी दांडी, म्हणजे प्लंजर, ओढणारं साधन) करणाऱ्याला नऊपट होऊन भेटतो. ओढ आणि उष्णता, दोन्ही व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात.

थेट एसीवरची कॉइल मी लवकरच बाद केली. तिथे कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) ठरतो व्होल्टेज, वेढे आणि फ्रिक्वेन्सीवर. ९० ला पुरेसा फ्लक्स मिळेल इतके वेढे ठेवले की २७० ला लोखंड सॅच्युरेट होतं, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावेनासा होतो, आणि प्लंजर नीट बसलेला असूनही करंट उसळतो. खालच्या टोकाला शेडिंग रिंग (घरघर थांबवायला बसवलेली तांब्याची कडी) असूनही घरघर. प्लंजर अर्ध्यात अडकला तर इनरश करंट (सुरुवातीचा मोठा करंट) चालूच राहतो आणि कॉइल जळते. म्हणून एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि डीसी कॉइल. इथवर सगळं सुरळीत.

छळलं ते गरम चाचणीने. कॉइल सर्वांत जास्त व्होल्टेजवर तापून स्थिर होऊ द्यायची, मग लगेच व्होल्टेज तळाला आणायचं आणि प्लंजर उचलतो का ते बघायचं. थंड कॉइल ९० वर टक्कन उचलायची. टेबलापाशी येणारा जो तो ‘झालं की!’ म्हणून निघून जायचा. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांची कॉइल १२० वर गेली की रेझिस्टन्स १.३९ पट, करंट ७२ टक्के आणि ओढ जेमतेम निम्मी. तोच प्लंजर मग जागचा हलायचा नाही.

आणि थांबणं! बाहेरचा टेपचा थर हाताला चटकन गरम लागतो, आतले वेढे अजून चढतच असतात. पुरवठा क्षणभर तोडायचा, मल्टिमीटर लावायचा, रेझिस्टन्स टिपायचा, आकडा सरकतोय म्हणून पुन्हा बसून राहायचं. वरून थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवून समाधान मानू नका. गरम आणि थंड रेझिस्टन्सचं गुणोत्तर म्हणजे दोन्ही तापमानांत २३४.५ मिळवून येणारं गुणोत्तर. त्यातून वाइंडिंगचं सरासरी तापमान निघतं. आतला सर्वांत गरम बिंदू त्याच्याही वर असतो, आणि एफ क्लासच्या इन्सुलेशनची १५५ अंशांची मर्यादा पाळायची ती त्या बिंदूला धरून.

या सगळ्या काळात फुकटचा सल्ला एकच : ‘वेढे वाढव.’ अजूनही ऐकला की डोकं फिरतं. त्याच गेजच्या (जाडीच्या) तारेचे वेढे वाढवले की रेझिस्टन्स तितकाच वाढतो, करंट तितकाच घटतो, अँपिअर-टर्न्स (करंट गुणिले वेढे, ओढ ठरते ती यावर) तिथल्या तिथे. बाहेरचे वेढे लांब असतात, म्हणून किंचित घटच. कॉइल कमी तापते, इतकाच फायदा. ओढ हवी तर तार जाड हवी, आणि तार जाड केली की वरच्या टोकाला भट्टी. ९० ला ८ वॉट लागत असतील तर २७० ला कागदावर ७२. मुठीत मावणाऱ्या बॉबिनमधून (तार गुंडाळायच्या रिळातून) ते जाणार कुठे? नुसत्या गेजशी खेळून ही दोन टोकं जुळणार नाहीत, हे आकड्यांसह लेखी दिलं तेव्हा कुठे करंट आवरणारं सर्किट लावायला होकार आला. तोवर नमुन्यावर नमुना तापवत बसलो होतो, तो वेळ कुणाच्या हिशेबात नाही.

पुढचं काम झपाट्याने झालं. तार निवडली ती ९० व्होल्ट आणि गरम कॉइल या एकाच अवस्थेसाठी. आधी पूर्ण करंट, प्लंजर बसला की पीडब्ल्यूएमने (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून) पाचवा हिस्सा. एअर गॅप (प्लंजरपुढची हवेची फट) मिटल्यावर धरून ठेवायला तेवढा पुरला, आणि उष्णता पंचविसाव्या हिश्शावर आली. करंट मोजून नियंत्रण केल्यामुळे वर व्होल्टेज किती आहे याचं कॉइलला सोयरसुतक राहिलं नाही. २७० चं शिखर ३८२ व्होल्टचं, म्हणून हे चालू-बंद करणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ६०० व्होल्टचा घेतला.

सांगायचं राहिलं : पुरवठा क्षणभर बुडून प्लंजर सुटला तर धरून ठेवणारा करंट त्याला परत ओढत नाही. सर्किटने ते ओळखून पुन्हा पूर्ण करंट द्यायला हवा. फ्रीव्हील डायोडमुळे (पुरवठा तुटल्यावर कॉइलचा करंट फिरत ठेवणाऱ्या डायोडमुळे) प्लंजर सुटायला उशीर लागतो. घाई असेल तर त्याच्या सिरीजमध्ये झेनर (तो करंट लवकर संपवणारा डायोड) टाका आणि मॉसफेटवर त्याचं व्होल्टेज वाढीव धरा. पोलवर (प्लंजर जिथे टेकतो तिथे) पातळ पितळी शिम, म्हणजे चकती, हवीच, नाहीतर उरलेल्या चुंबकत्वाने प्लंजर चिकटतो. सोलेनॉइड सतत चालू-बंद होणार असेल, तर उष्णतेचा हिशेब दर वेळच्या पूर्ण करंटसकट करा.

गरम चाचणी मात्र सुटली नाही. आता कॉइल स्वतःहून पुरेशी तापत नाही, म्हणून ती ओव्हनमध्ये ठेवून तापवावी लागते.