तुम्ही विचारलंत म्हणून: बायोकेम सोडली तर चालेल का?

परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेची वर्षात दोन सत्रं असतात, जूनचं आणि डिसेंबरचं. त्यांच्या आधी महिना-दीड महिना माझा फोन तापतो. बिश्केकहून आलेली, ओशहून आलेली, हल्ली जॉर्जियाहून आलेली पोरं फोन करतात. आधी "ताई, कशी आहेस?", मग थोडं इकडचं तिकडचं, आणि मग पोटातलं ओठावर येतं: "ताई, बायोकेम सोडली तर चालेल का गं?" बायोकेम म्हणजे बायोकेमिस्ट्री, शरीरातलं रसायनशास्त्र.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना इथे डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल तर एफएमजीई पास व्हावं लागतं. २००२ पासून ही परीक्षा चालू आहे. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की सुटलात, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. मेडिसिन, सर्जरी, पीएसएम (म्हणजे सार्वजनिक आरोग्य), गायनॅक हे सगळे तिशीच्या घरातले विषय. बायोकेमला १७ प्रश्न. वेळ कमी पडला की पहिली कुऱ्हाड कुणावर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ती कुऱ्हाड मीही चालवली होती. दिल्लीच्या गौतम नगरात एका खोलीत आम्ही तिघी राहायचो, भिंतीवर क्रेब्स सायकलचा, म्हणजे बायोकेममधल्या एका गाजलेल्या चक्राचा, तक्ता होता आणि त्यावर आम्ही ओले टॉवेल वाळत घालायचो. बायोकेमचे सतराही प्रश्न मी डोळे मिटून 'सी' करून आले. निकाल लागला: १४१. एकूण आकडाच कळतो, कुठल्या विषयात किती ते कळत नाही. पण चार पर्यायांतला एक, म्हणजे नशीब सरळ वागलं असं धरलं तर सतरातले चार बरोबर. तेरा पाण्यात. मला कमी पडले होते नऊ.

त्यानंतरचे सहा महिने मी गावी, माढा तालुक्यात काढले. नातेवाइकांचे फोन बाबाच घ्यायचे. "झालं की, आता दवाखाना कधी टाकताय?" या प्रश्नाला त्यांनी त्या काळात दिलेली उत्तरं एका वहीत लिहून ठेवायला हवी होती.

बायोकेम मला कळली ती एका रात्री, आणि पुस्तकातून नाही. उजनीच्या कालव्याला पाणी सुटलं होतं. अण्णा, म्हणजे माझे चुलते, उसाला दारं धरायला निघाले होते आणि बॅटरी धरायला मला घेऊन गेले. एका सरीचं तोंड खोऱ्यानं बुजवायचं, दुसरीचं मोडायचं, की पाणी तिकडे वळतं. मधेच एका ठिकाणी पाचट अडकलं. मागे पाणी तुंबलं, पुढच्या सऱ्या कोरड्या, आणि अण्णांच्या लक्षात येईपर्यंत तुंबलेल्या पाण्यानं बांध फोडून शेजारच्याच्या हरभऱ्यात वाट केली. अण्णांनी पाचटाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी मात्र बॅटरी धरून उभी होते आणि डोक्यात फिनाइलकीटोन्युरिया चालू होता.

कारण तो आजार म्हणजे हुबेहूब तेच. फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लापासून टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल बनवणारं एन्झाइम, म्हणजे ती क्रिया घडवणारं प्रथिन, बंद, म्हणजे ते दार लागलेलं. मागे फिनाइलअलॅनिन तुंबतं आणि बाळाच्या मेंदूला बाधतं. पुढे टायरोसिन आटतं, त्यापासून होणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य आटतं, म्हणून बाळ घरातल्या इतरांपेक्षा गोरं आणि भुऱ्या केसांचं दिसतं. आणि तुंबलेलं बांध फोडून भलतीकडे जातं, तिथे फिनाइलकीटोन बनतात, लघवीला उंदरासारखा कुबट वास येतो. प्रश्नात यातली कुठलीही एक खूण देतात आणि एन्झाइम विचारतात. तुंबलं काय, आटलं काय, बांध कुठे फुटला, एवढे तीन प्रश्न मी त्या रात्रीपासून प्रत्येक आजाराला विचारायला लागले.

व्हॉन गिर्के हा आजार घ्या. यकृतातून ग्लुकोज बाहेर सोडणारं शेवटचं दार म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. ते बंद, म्हणून दोन फीडच्या मधे बाळाची साखर धडाधड खाली येते. मागे ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साचून यकृत फुगतं. जास्तीचं पाणी लॅक्टेटकडे आणि युरिक अ‍ॅसिडकडे जातं. चार लक्षणं वेगवेगळी पाठ करायची गरजच उरली नाही.

एन्झाइमचे आलेख, म्हणजे केएम (एन्झाइम निम्म्या वेगानं चालायला पदार्थ किती लागतो ते) आणि व्हीमॅक्स (त्याचा जास्तीत जास्त वेग), यांना मुलं सापाला भ्यावं तशी भितात. त्यांना मी मालवणीची आठवण करून देते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः तेवढं घातक नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, आणि ते डोळे आणि जीव घेतं. आता याच एन्झाइमला साधं इथेनॉल मिथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. म्हणून फोमेपिझोल हे यावरचं औषध हाताशी नसेल तर रुग्णाला मोजून इथेनॉल देतात. दारात इथेनॉलची गर्दी झाली की मिथेनॉल बाहेर ताटकळतं आणि बिनबोभाट किडनीवाटे किंवा डायलिसिसनं निघून जातं. ही कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिशन, म्हणजे जागेसाठी स्पर्धा करून अडवणं. गर्दीत मिथेनॉलला आत शिरायला जास्त संख्येनं यावं लागेल, म्हणजे केएम वाढला. पण दार तेवढंच रुंद आहे, व्हीमॅक्स तोच. आलेख न काढता उत्तर येतं.

उपाशीपोटी शरीर काय करतं, यावर हमखास प्रश्न असतो. यकृतातलं ग्लायकोजेन साधारण अर्ध्या-पाऊण दिवसात संपतं, मग प्रथिनांपासून ग्लुकोज बनवणं जोर धरतं, मग चरबीपासून कीटोन बॉडीज. मी आधी हे आईच्या उपासावर बेतून पाठ करायला गेले. पण आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, रात्री रताळ्याचा कीस. या उपासात ग्लायकोजेनला धक्का लागायचं काही कारण नाही, उलट भरच पडते. निर्जळी करणारी आमची आत्या मात्र अचूक उदाहरण निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तोंडाला येणारा वास कीटोनचा, हे तिला समजावायला गेले आणि ओरडा खाल्ला.

जीवनसत्त्वं मात्र कुणीच सोडू नयेत. एवढ्या कमी वेळात एवढे मार्क दुसरीकडे नाहीत, आणि त्यातला एक प्रश्न तर सोलापूर जिल्ह्याच्या ताटातला आहे. पेलाग्रा हा आजार नायसिन या बी-जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतो: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा येतो, जुलाब होतात, डोकं भ्रमतं. मक्यावर जगणाऱ्यांना तो का होतो ते सोपं आहे, मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, अंगी लागत नाही. पण दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांनाही तो व्हायचा. ज्वारीतलं नायसिन तर मक्यासारखं अडकलेलं नाही, असं तेव्हा मानत. १९६०च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या पोषणशास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते ज्वारीतल्या भरपूर ल्युसीनवर, म्हणजे एका अमिनो आम्लावर. शरीर ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून १ मिलिग्रॅम नायसिन बनवतं, आणि जास्तीचं ल्युसीन त्यात मोडता घालतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे यावर वाद झाले, पण परीक्षेत ज्वारी दिसली की ल्युसीनला खूण करा. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती कडक भाकरी थापत होती. म्हणाली, "आन् डाळ कुनी खायची मग?" तिचं उत्तर बरोबर आहे. ज्यांना भाकरीसोबत डाळही मिळत नव्हती, त्यांचाच तो आजार होता.

एक विषयांतर, पण करते. तुम्हाला 'फॉरेनवाले' म्हणून हिणवतात ना? मग कमी पदवी पदरी पडलेल्या एकाची गोष्ट ऐका. पेशीतली ऊर्जेची नाणी म्हणजे एटीपी. ती १९२९ मध्ये ज्यांच्या हाती लागली त्यांत येल्लाप्रगडा सुब्बाराव हे तेलुगू गृहस्थ होते. मद्रासला शिकताना खादी घातल्यावरून इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि त्यांना एमबीबीएसऐवजी खालची एलएमएस पदवी मिळाली. हत्तीरोगाची डीईसी गोळी आपण आजही वाटतो, तीही त्यांच्या चमूच्या कामातून आली.

आता सोडायचं काय? प्रत्येक रेणूची रचना सोडा. एका ग्लुकोजचे एटीपी ३० की ३२ की ३८ यावर मित्रांशी भांडणं सोडा. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांतल्या न परतणाऱ्या तीन पक्क्या करा, बाकीच्या ओळखीच्या असल्या तरी पुरे. फक्त त्यातलं इनोलेज हे एन्झाइम विसरू नका, कारण साखर तपासायच्या करड्या झाकणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड त्यालाच अडवतं. साध्या ट्यूबमध्ये तासभर पडलेल्या रक्तात लाल पेशी साखर खात बसतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. मला विचाराल तर पहिल्या वाचनाला सहा दिवस, दुसऱ्याला दोन, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नुसता जीवनसत्त्वांचा तक्ता. दुसऱ्या खेपेला मला १७३ पडले. त्यात बायोकेमचे किती, तेही कधी कळणार नाही.

सध्या मी एका ग्रामीण रुग्णालयात आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला एका माणसाला आणलं. रोजचा पिणारा, चार दिवस अन्नाला शिवला नव्हता, बरळत होता, साखर ४८. नातेवाईक "ग्लुकोजची बाटली लावा" म्हणून मागे लागलेले. ग्लुकोज तर द्यायचंच, थांबवून चालत नाही. पण थायमिन (जीवनसत्त्व बी१) नसलेल्या शरीरात पायरुवेट डिहायड्रोजिनेज हे ग्लुकोजपासून ऊर्जा काढायला लागणारं एन्झाइम चालत नाही, आणि नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलंसुरलं थायमिनही संपून मेंदूवर संकट येतं. हे सगळं माझ्या डोक्यात रांगेनं आलं, त्या एन्झाइमच्या पाच मदतनीस को-एन्झाइमांसकट, आणि मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. मी थायमिन मागायला वळले तर सिस्टर अँप्युल फोडून सिरिंज भरून उभ्या होत्या.

"मॅडम, हे बाटलीच्या आधी ना?"

मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाल्या, आधीच्या सरांनी. का देतात ते माहीत आहे का, असं मी विचारलं नाही. दिलं इंजेक्शन, लावली बाटली. पहाटे त्या माणसानं चहा मागितला.