भृगू तळं आणि अकरा वाजताची चूक

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं मनालीजवळच्या भृगू तळ्याच्या ट्रेकसाठी मुंबई सेंट्रलला राजधानीत बसलो. तिघंही सह्याद्रीत मुरलेले. शनिवारी रात्री कसारा लोकल, रविवारी गड, सोमवारी ऑफिस. हीच घाई हिमालयात अंगाशी आली.

दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली आणि मुक्काम वर वसिष्ठ गावात. पूर्ण एक दिवस नुसता चहा पीत काढला. गॅसचे डबे विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे ते मनालीतच घ्यायचे. तंबूही तिथे भाड्याने मिळतो, पण घेण्याआधी दुकानातच उभारून बघा. कॅम्पिंगचे नियम बदलत असतात, तेही तिथेच वनखात्याकडे विचारून घ्या.

तिसऱ्या सकाळी रोहतांगच्या रस्त्यावर गुलाब्याला टॅक्सीतून उतरलो. देवदारातून चढून जोंकर थाच या कुरणावर पोचलो तेव्हा अकराच वाजले होते. ठरल्याप्रमाणे तिथे राहायचं होतं. पण अकरा वाजता तंबू लावायचा? सह्याद्रीत या वेळेला आपण अर्धा गड उतरलेला असतो! म्हणून तसेच पुढे रोला खोली या वरच्या मुक्कामाच्या जागी, म्हणजे साधारण ३,८०० मीटरवर गेलो. आदल्या रात्री आम्ही २,००० च्या आसपास झोपलो होतो. ३,००० च्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे तिघांनाही तोंडपाठ होतं.

रात्री एकाचं डोकं फुटायला लागलं, मग उलटी. तो म्हणत होता, "काही नाही रे, बसमध्ये खाल्लेलं बाधलं." बसमधून उतरून दोन दिवस झाले होते. उजाडताच सॅक आवरल्या आणि जोंकर थाचला परत उतरलो. दुपारपर्यंत तो पराठे मागायला लागला. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही आणि त्रास वाढला तर लगेच उतरायचं, उंचीच्या त्रासावर हाच खरा उपाय. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे मुंबईतच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून.

पुढच्या दिवशी सावकाश पुन्हा रोला खोली. खिचडीचा बेत फसला. त्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शेवटपर्यंत कच्चीच राहिली. कुकर नसेल तर भाजलेला रवा आणि पातळ पोहे न्या.

तळ्याकडे सहाला निघालो. उंची साधारण ४,२५० मीटर, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक रचल्या तरी थोडं कमीच पडतं. हवेचा दाब मुंबईच्या साठ टक्क्यांच्या जवळपास. दादरचा पूल दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारे आम्ही वीस पावलांवर थांबत होतो. तळं शेवटच्या चढापर्यंत दिसतच नाही, मग एकदम पायाखाली वाटीत. भृगू ऋषींनी इथे तप केलं असं मानतात. पाणी पवित्र आहे, त्यात हात-भांडी धुवू नका.

बहुतेक जण इथून फोटो काढून वळतात. आम्ही मागच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर चढलो. घसारा आहे, म्हणजे पायाखाली सुटी माती-दगड, आणि सह्याद्रीसारखी हाताशी धरायला कारवीची झुडपंही नाहीत. वर पोचल्यावर मात्र बियास नदीच्या पलीकडे हनुमान टिब्बा शिखर, सेव्हन सिस्टर्सची रांग, आणि आग्नेयेला देव टिब्बा (६,००१ मीटर) व इंद्रासन (६,२२१ मीटर). तासभर धारेवरून नुसते चालत राहिलो, कोणी बोललं नाही. साडेअकराला खालून ढग चढायला लागले आणि आम्ही वळलो. आपल्याकडे धुक्यात डोंगराची खाली उतरणारी सोंड धरून उतरता येतं, इथे गवताचे सगळे उतार एकसारखे दिसतात. मोबाईलवर वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून ठेवा. मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून लांब राहा, ती लाडात येत नाहीत.

जूनमध्ये वर बर्फ असतो आणि जुलै-ऑगस्टात पाऊस, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरचा उत्तरार्ध बघावा.

रोला खोलीहून थेट वसिष्ठला उतरलो. जवळजवळ १,८०० मीटरचा उतार, काठी नसलेल्याचे गुडघे रडतात. परतीची बस त्याच संध्याकाळची होती. वसिष्ठच्या गरम कुंडात जेमतेम दहा मिनिटं मिळाली, आणि ओले टॉवेल दिल्लीपर्यंत मांडीवर वाळवले.