पाळकांकडे हिशेब मागताना

आमच्या ख्रिस्ती देवळाची, म्हणजे चर्चची, कौलं पावसाआधी बदलायची म्हणून मंडळीत वर्गणी झाली. मुंबईकर चाकरमान्यांनीही पैसे धाडले. कौलं बसली, पाऊसही सरला, पण पाळकांकडून, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडून, हिशेब पुढे आला नाही. उपासना सुटली की अंगणात कुजबुज सुरू व्हायची, आणि मी पंचकमिटीवर असल्यामुळे लोक माझ्याकडे बघायचे.

बायबलात मत्तय १८ मध्ये भावाला त्याची चूक दाखवायचा क्रम दिला आहे: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, त्यानंतरच मंडळीपुढे. यातली एकांताची पायरी सगळ्यांत जड. संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं. "माझ्यावर संशय आहे का तुमचा?" ते म्हणाले. "संशय असता तर अंगणात बोललो असतो, साहेब," मी म्हणालो. त्या दिवशी चहा न घेताच परतलो.

मग निरोप येऊ लागले: देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाला, हात लावू नये. हे वचन असं वापरलेलं मला सहन होत नाही. एन-गेदीच्या गुहेत दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजाला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला, हे सगळे सांगतात. पुढचं कोणी वाचत नाही. दावीद गुहेबाहेर आला, त्याने शौलाला हाक मारली, तो काठ दाखवला आणि माणसांदेखत जाब विचारला. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितलं, "तो मनुष्य तूच." हात न लावणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे.

दुसऱ्या वेळी मंडळीतले दोन वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे जाणते, बरोबर घेतले. दोघातिघा साक्षीदारांवाचून वडिलावरचा आरोप ऐकायचाच नाही, असं प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो. म्हणून कुजबुजणाऱ्यांनाही सांगितलं, काय असेल ते समोर येऊन बोला. बहुतेक गप्प झाले. हा नियम पाळकाची अब्रू राखतो, आणि लगेच पुढच्या ओळीत पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष द्यायला सांगतो. दोन्ही ओळी एकत्र पाळायच्या असतात.

वडिलांपैकी काकांनी २ करिंथ ८ उघडलं. यरुशलेमातल्या गरिबांसाठीची वर्गणी पौलाने एकट्याने सांभाळली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ धाडला, कोणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून. पाळकसाहेबांनी तो भाग स्वतः पुन्हा वाचला, उठले आणि वही घेऊन आले. खजिनदार मुलाकडे मुंबईला गेलेले, त्यामुळे कौलवाल्याला, सुताराला, गड्यांना पैसे पाळकसाहेबांनीच रोख दिलेले. बेरीज जुळत होती. मजुरीच्या काही पावत्या नव्हत्या. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण पेटीची किल्ली, खर्च आणि वही एकाच हातात, ही रीत चुकीचीच. १८२३ साली बाणकोटला आलेले स्कॉटिश मिशनरी ज्या परंपरेतले, तिच्यात पाळकाबरोबर वडील बसतात ते याचसाठी.

वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी हिशेब स्वतः वाचला. पावती नसलेला खर्च 'पावती नाही' असाच लिहून मंजुरीला ठेवला. अर्पण आता दोघे मोजतात आणि वहीत सह्या करतात. खजिनदार दर तीन वर्षांनी बदलायचा ठराव झाला. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण पाळकसाहेब बोलतात. कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे मोजायला यंदा त्यांनीच माझं नाव सुचवलं. माझ्या मोजणीवर दुसरी सही कोणाची, हे मी आधी विचारून घेतलं.